गोळी घेतली म्हणजे विश्वास उणा झाला का?

अंबड तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४२. ओळख पटेल असा मजकूर काढून ते थोडक्यात देते:

"ताई, प्रभूमध्ये सलाम. रात्री तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. यंदा अतिवृष्टीनं कापसाचं वाटोळं झालं, मोसंबीची फळगळ झाली. सोसायटीचं कर्ज थकलंय, एका खाजगी माणसाकडूनही पैसे उचललेत. मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे. त्यानं फोन उचलला नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थोडं बरं वाटतंय. पण आमच्या प्रार्थनासभेतल्या एक बाई म्हणाल्या, कशाविषयीही चिंता करू नका असं पवित्र शास्त्रात लिहिलंय, गोळी घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. त्यांनी रोज दहा उपकार वहीत लिहायला सांगितले. मी लिहिते, पण लिहिताना रडूच येतं. उपकार मोजूनही भीती जात नाही म्हणून आणखीच अपराधी वाटतं. कधीकधी वाटतं, झोपावं आणि सकाळी उठूच नये. माझा विश्वास कमी पडतोय का? गोळ्या सोडू का? सभेत आभाराची साक्ष द्यायला उभं करतात, तेव्हा काय बोलू?"

प्रिय भगिनी,

गोळ्या सोडू नका. डॉक्टरांना न विचारता, कुणाच्याही सांगण्यावरून, उपास-प्रार्थनेच्या आठवड्यातसुद्धा सोडू नका. चिंतेसाठी रोज घ्यायला देतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्या एकदम बंद केल्या की चक्कर येते, अस्वस्थ होतं, झोप उडते. मग माणूस म्हणतो, बघा, गोळीची सवय लागली. त्या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागू शकते ती घेतल्या घेतल्या शांत करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची, आणि म्हणूनच त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. तुमच्या चिठ्ठीवर यातलं काय आहे हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ विचारा. विचारायला संकोच वाटला तर कागदावर लिहून न्या. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेही करून घ्या, कारण दोन्हींत गडबड असली तरी छातीत धडधडतं, आणि तुमच्या वयाच्या बायकांत ही गडबड पुष्कळ सापडते.

मी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होते. तिथं सकाळी आधी वॉर्डात प्रार्थना व्हायची आणि मग डॉक्टरांचा राउंड. प्रार्थना झाली म्हणून कुणी कुणाचं सलाईन बंद केलं नाही, आणि सलाईन चालू आहे म्हणून कुणी प्रार्थनाही टाळली नाही. आपल्या जालन्यातलं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं तेच मुळी प्रार्थना करणाऱ्यांच्या हातून. निजामाच्या राज्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हाही नुसतं प्रार्थनामंदिर बांधून ते थांबले नाहीत, माणसांनी राहावं असं गाव वसवलं. मराठवाड्यातल्या मंडळीला देह आणि आत्मा असे वेगळे काढून कुणी शिकवलेलं नाही. हे वेगळेपण अलीकडे कुठून शिरलं ते मला कळत नाही, पण त्यानं फार माणसं दुखावली जातात एवढं मी पाहिलं आहे.

आणि ज्या पौलाचं, म्हणजे येशूच्या प्रेषिताचं, वचन तुम्हाला ऐकवलं, त्याच्याच सोबत लूक नावाचा वैद्य होता. पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट वरचेवर बिघडायचं, तर पौलानं त्याला "विश्वास वाढव" असं लिहिलं नाही. पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असं लिहिलं, कारण त्या काळी ते औषध होतं. पोटाच्या औषधाला पौलाची हरकत नसेल तर मनाच्या औषधाला आपण का घ्यावी?

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. झोपावं आणि उठूच नये. ते तुम्ही दोन ओळींच्या मधे हळूच लिहिलं आहे, पण मी आधी तिथंच थांबले.

हा विचार कधीमधी येतो की रोज येतो? त्यात 'कसं करायचं' हेही येतं का? येत असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आजच्या आज घरातल्या एका माणसाला तोंडानं सांगा. नवऱ्याला, जावेला, बहिणीला, ज्या कुणापुढे तुम्ही रडू शकता त्या माणसाला. १४४१६ हा मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. आणि आजच आणखी एक काम करा. फवारणीचं औषध घरात असेल, पलंगाखाली, माळ्यावर, मोरीच्या कोनाड्यात, तर ते घरातून हलवा. शेतावरच्या खोलीत कुलपात ठेवा आणि किल्ली दिराकडे किंवा शेजाऱ्याकडे द्या. हे मी फक्त तुमच्यासाठी सांगत नाही. कर्ज तुमच्या मालकांच्याही डोक्यावर आहे. पुरुष बोलत नाहीत, आपल्याकडचे तर मुळीच नाहीत. तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो, आणि त्या वेळात बाटली हाताशी नसली तर माणूस वाचतो. रात्रपाळीला अशा माणसांची पोटं धुताना मी उभी राहिले आहे. त्यातली जी वाचली, त्यातल्या बहुतेकांनी सकाळी पहिल्यांदा मुलाबाळांची नावं घेतली.

पवित्र शास्त्रात असं वाटलेली माणसं आहेत. एलिया संदेष्टा जीव वाचवायला रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे झालं, माझा प्राण घे. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हे आहे. देवानं त्याला काय उत्तर दिलं? एलिया झोपला. देवदूतानं त्याला हलवून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. त्यानं खाल्लं, पाणी प्यालं आणि तो पुन्हा झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. तुझा विश्वास कुठं गेला, असं त्याला कुणी विचारलं नाही. देवाचं त्याच्याशी जे बोलणं झालं ते पुढं, पोटात अन्न गेल्यावर आणि झोप झाल्यावर. म्हणून विचारते, तुम्ही रात्री नीट जेवता का? की सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाता, आणि सभेच्या दिवशी उपास? तब्येत सुधारेपर्यंत उपास करू नका. संध्याकाळी चारनंतर चहा बंद करा. या दोन गोष्टींचा प्रार्थनेशी काय संबंध असं वाटेल, पण रिकाम्या पोटी चहावर काढलेल्या रात्री जीव घाबरा होणारच.

आता त्या वचनाकडे येते. तुम्हाला त्याचा अर्धा भागच ऐकवला गेला आहे. फिलिप्पैकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायाचं सहावं वचन असं आहे: "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." पौल तिथं दटावत नाहीये. चिंतेचं काय करायचं, ती कुणाकडं न्यायची, हे तो सांगतोय. पत्र लिहिताना तो स्वतः बेड्यांत होता, जगेल की मरेल हे ठरलेलं नव्हतं. आणि हाच पौल करिंथकरांना दुसरं पत्र लिहिताना आपली दुःखं मोजतो, फटके, दगडमार, फुटलेली जहाजं, उपासमार, आणि शेवटी म्हणतो की याशिवाय सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. चिंता म्हणजे विश्वास नसणं असेल, तर आधी पौलालाच सभेतून उठवावं लागेल. फिलिप्पैच्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीताबद्दल लिहितो. हा माणूस फिलिप्पैहून मदत घेऊन आला आणि मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. देवानं त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल कबूल करतो. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूचा जीव मरणाइतका खिन्न झाला, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला. त्या रात्री त्यानं शिष्यांना सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा. प्रभूला सोबत मागावीशी वाटली. तुम्हाला वाटली तर त्यात कमीपणा कसला?

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. रात्री तीनला थरथरत्या हातांनी जी बाई देवाचं नाव घेते, तिच्याजवळ विश्वास आहे.

मला जे मनापासून सांगायचं आहे ते वचनाच्या मधल्या भागाबद्दल आहे. मागणी कळवा आणि आभार माना, ही दोन्ही एका दमात सांगितली आहेत. आपल्या सभांतून मात्र यातली मागणी गळून जाते आणि आभार तेवढे उरतात. भीती वाटतेय? उपकार मोज. कर्ज आहे? निदान छप्पर आहे ना, म्हण. अशानं आभार म्हणजे तोंड बंद करायचं साधन होतं. तुम्हाला वही लिहिताना रडू येतं ते त्यामुळं. जे बोलायचं आहे ते बोलूच दिलं नाही आणि वरून हसून दाखव म्हटलं, तर रडू येणारच. ते रडूच तुमची न बोललेली प्रार्थना आहे. ती आधी बोला.

आणि स्पष्ट बोला. "प्रभू, माझी चिंता दूर कर" एवढं मोघम नको. "प्रभू, सोसायटीचा माणूस सोमवारी येणार आहे आणि घरात तेवढे पैसे नाहीत. मला त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. मालक काही बोलत नाहीत आणि त्यांच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते." अशी कळवा मागणी. स्तोत्रसंहिता उघडा. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच अशी आहे की परमेश्वरा, कुठवर तू मला विसरणार? अठ्ठ्यांशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आनंदाची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कुणीतरी देवाला एवढं तोंडावर बोललं आणि देवानं ते जपून ठेवलं. तुमच्या आजीनं जात्यावर बसून सासर, दुष्काळ, पोटची गेलेली लेकरं, सगळं ओवीत घातलं असेल. त्या बायका देवाशी बोलताना शब्द घासूनपुसून घेत नव्हत्या.

मग आभार. तेही जसे पौलानं मानले तसे. त्या पत्राचा शेवट वाचा. फिलिप्पैकरांनी मदत पाठवली, कुणाच्या हाती पाठवली, आधी थेस्सलनीकात असतानाही एकदोनदा पाठवली होती, असं सगळं तो नावागावानिशी लिहितो. देवाचे आभार तर आहेतच, पण माणसांचेही आहेत. तुमच्या वहीत रोज दहा ओळी असतात, आणि मला खात्री आहे की त्यातल्या सात रोज त्याच असतात: आरोग्य, कुटुंब, छप्पर, अन्न. हे आभार खोटे नाहीत, पण लिहून लिहून गुळगुळीत झाले आहेत. दहा नकोत, एक लिहा, आणि ती आजचीच गोष्ट असू द्या. "दुपारी वीज आली तेव्हा मोटार चालू करून मोसंबीच्या दोन ओळींना पाणी दिलं, आणि जाऊबाईंनी न सांगता ज्वारीच्या दोन भाकरी जास्त थापल्या." अशी. जिथं माणूस आहे तिथं त्या माणसालाही सांगा. जाऊबाईंना म्हणा, बरं झालं भाकरी केल्या. एवढ्यानं दोघींमध्ये काय मोकळं होतं ते बघा. काही सुचलं नाही तर त्या दिवशी पान कोरं ठेवा. कोऱ्या पानाला देव रागवत नाही.

दोन गोष्टी आभारात धरू नका. एक, दुसऱ्याचं दुःख. "त्यांच्या घरी बघा, कर्ता माणूस गेला, त्यामानानं आपलं बरं" असं म्हणून मनाला जो दिलासा मिळतो तो मला कधीच आभार वाटला नाही. त्या घरासाठी प्रार्थना करायची असते, त्यांच्याकडं बघून आपलं मोजायचं नसतं. दुसरं, संकटाबद्दल आभार मानायची सक्ती. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे, म्हणजे स्थिती कशीही असो, त्या स्थितीत राहून. अतिवृष्टीत कापूस काळा पडला त्याबद्दल देवाचे आभार मानायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ते नुकसान आहे. त्याला नुकसानच म्हणायचं.

यासाठी शेतकऱ्याच्या घरानं हबक्कूक संदेष्ट्याचं छोटं पुस्तक जरूर वाचावं, अवघे तीन अध्याय आहेत. शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल आलं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतानं अन्न दिलं नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मराठवाड्यात ही ओळ वाचताना कुणाला भाष्य लागत नाही. पण सभेत हे शेवटचं वाक्यच तेवढं वाचतात. हाच हबक्कूक पुस्तकाच्या सुरुवातीला देवाला विचारतो, मी किती वेळ ओरडू, तू ऐकतच नाहीस? मधल्या अध्यायात तो बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतो. तक्रार केली, वाट पाहिली, मग गायला. तुम्हाला पहिल्याच दिवशी तिसऱ्या अध्यायात नेऊन बसवलं आहे. तुम्ही अजून पहिल्या अध्यायात असाल तर तिथं राहा, तोही शास्त्रातच आहे.

"सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली देवाने दिलेली शांती" तुमचं अंतःकरण आणि विचार राखील, असं फिलिप्पैकरांच्या पत्रातलं पुढचं वचन सांगतं. भुईमुगाच्या रानात रात्री राखणीला माणूस बसतो तशी ही राखण आहे. रानडुकरं असतातच, येतातही, कधी एखादा कोपरा उकरूनही जातात, पण जागल्या असला म्हणजे सगळं रान त्यांच्या ताब्यात जात नाही. भीती कधी येणारच नाही असं वचन पौलानं दिलेलं नाही. तेव्हा प्रार्थना करूनही रात्री धडधडलं तर प्रार्थना वाया गेली असं समजू नका.

त्या रात्रीच्या वेळेचं सांगते, कारण पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त तेच जाणवलं. तीनला जाग आली आणि धडधड सुरू झाली की पडून राहून झुंजू नका. उठा, पाय जमिनीवर टेका, फरशीचा गारवा तळव्यांना लागू द्या. दिवा मंद ठेवा, फोन हातात घेऊ नका, घड्याळ बघू नका. श्वास नाकानं आत घ्या आणि सोडताना दुप्पट वेळ लावून सोडा. आत घेताना मनात "येशू", सोडताना "माझी काळजी तुझ्यावर". पेत्राच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात हेच आहे, की त्याच्यावर आपली सगळी चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. श्वास लांब सोडला की धडधड हळूहळू उतरते, शरीराची घडणच तशी आहे. आणि अशी लाट काही मिनिटांत शिगेला पोचून आपोआप ओसरते, एवढं लक्षात ठेवलं तरी तिची अर्धी ताकद जाते. मात्र छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटून दम लागत असेल, तर ते भीतीच्या नावावर घालू नका. तडक दवाखाना गाठा. धडधडीसाठी एकदा ईसीजी काढून घेतला असेल तर उत्तम, नसेल तर काढा.

गाता येत असेल तर हलक्या आवाजात गा. गाताना श्वास आपोआप लांब सुटतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तुम्हाला पाठ असतीलच, आपल्याकडं संडे स्कूलमध्येच पाठ होतात. पौल आणि सीला याच फिलिप्पै गावात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री प्रार्थना करत होते आणि गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते असंही लिहिलं आहे. पाठीच्या जखमा तशाच होत्या. त्या पुसल्या गेल्या नंतर, बेड्या सुटल्यावर, त्याच तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातानं.

आता कर्ज. तुमच्या भीतीत खऱ्या कामाचा एक भाग आहे आणि तो प्रार्थनेत ढकलून चालणार नाही. प्रार्थना केल्यावर उठून ते काम करायचं असतं. एक दिवस मालकांबरोबर बसून कागद मांडा: सोसायटीचं किती, कधीचं, व्याज किती, खाजगीचं किती, लिहून दिलंय का, काय गहाण टाकलंय. आकडा कळला की तो रात्री वाढत नाही. न कळलेला आकडा रोज रात्री वाढतो. सोसायटीत स्वतः जाऊन कर्जाचं पुनर्गठन होतं का ते विचारा, माणूस दारात येईपर्यंत थांबू नका. तहसीलमध्ये अतिवृष्टीच्या पंचनाम्याच्या यादीत नाव आहे का ते बघा. आणि तो खाजगी माणूस परवाना असलेला सावकार आहे का? २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तो दमदाटी करत असेल, जमीन लिहून मागत असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. कुठल्याही कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पवर सही करू नका, मालकांनाही करू देऊ नका.

मुलाचं थोडक्यात सांगते. त्याच्याशी फोनची एक वेळ ठरवा, रात्री जेवण झाल्यावर समजा. ठरल्या वेळेखेरीज त्यानं फोन उचलला नाही तर तो क्लासमध्ये आहे किंवा झोपलाय असं धरून चाला. बोलताना मार्कांनी सुरुवात करू नका. जेवलास का, झोप झाली का, खोलीवर कोण कोण आहे, हे विचारा. लातूरला हजारो पोरं असा जीव मुठीत धरून बसलेली असतात. त्याच्या मनावरही ताण असणार आणि तो तुम्हाला सांगणार नाही, कारण आई आधीच घाबरलेली आहे हे त्याला ठाऊक आहे. एकदा स्पष्ट म्हणा, "नंबर लागला नाही तरी तू घरी ये, आम्ही आहोत." हे वाक्य त्यानं तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे. आणि त्याच्यासाठी प्रार्थना करताना निकाल एकीकडं ठेवून त्याचं नाव घ्या, त्याच्या खोलीचं, त्याच्या मित्रांचं नाव घ्या.

सभेतल्या त्या बाईंवर राग धरू नका. त्यांनी वाईट हेतूनं सांगितलं नसावं. त्यांना कुणीतरी असंच सांगितलं असेल आणि त्यांनी तेच पुढं दिलं. पण गोळीचा विषय त्यांच्याशी पुन्हा काढू नका. पाळकसाहेबांशी किंवा पाळकीणबाईंशी एकदा बोला, मालकांना बरोबर घेऊन. त्यांना तीन गोष्टी सांगा: मला डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, मी ते सोडणार नाही, आणि मला तुमची प्रार्थना हवी आहे. तेही गोळी सोड म्हणाले तर त्यांचं ऐकू नका, आणि मला लिहा.

राहिली साक्ष. उभं राहायची सक्ती कुणी करू शकत नाही. नाव पुकारलं तरी "आज नको" म्हणून बसून राहता येतं, त्यात प्रभूचा अनादर नाही. आणि एखाद्या रविवारी उभं राहावंसं वाटलं, तर बरी झाले असं सांगू नका. अजून झालेल्या नाहीत. एवढंच म्हणा: "मला अजून रात्री भीती वाटते. डॉक्टरांची गोळी चालू आहे. या आठवड्यात जाऊबाईंनी मला दोनदा जेवायला बसवलं, त्यांच्यासाठी मी प्रभूचे आभार मानते. माझ्यासाठी प्रार्थना करा." मग खाली बसा. माझा अंदाज आहे की सभा सुटल्यावर कुणीतरी बाई तुम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारेल की गोळी कोणत्या डॉक्टरांची. तिला डॉक्टरांचं नाव सांगा, आणि १४४१६ हा नंबरही लिहून द्या.

तुमची,
ताई